कळव्याहून निरोप

आई, तुझ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय. अबोली साडीतला, हसरा. खाली लिहिलंय, ‘शांत, संयमी, कधीही आवाज न चढवणाऱ्या आमच्या काकू.’ त्याच्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली आहे. मी ते वाचलं आणि मोबाइल सोफ्यावर भिरकावला. त्यांनी खोटं काहीच लिहिलेलं नाही. तू खरंच कधी आवाज चढवला नाहीस. माझं तुझ्याशी भांडण आहे ते त्याच्यावरूनच आहे.

तुझं तेरावं झालं, मावशी बदलापूरला परत गेली. जाताना दारात चपला घालता घालता मला म्हणाली, “गेलेल्या माणसावर राग धरू नये गं.” तू जिवंत असताना मी चिडले की तू म्हणायचीस, “माधवी, चिडलीस म्हणजे तुझ्याकडे मुद्दा नाही.” म्हणजे माणूस असताना रागवायचं नाही, कारण मुद्दा हरतो, आणि माणूस गेल्यावर रागवायचं नाही, कारण ते बरं दिसत नाही. मग हा राग मी ठेवायचा कुठे, फ्रीजमध्ये? इथेच ठेवते, तुझ्यापुढे. तू ऐकून घे. मध्येच “हळू बोल, खिडकी उघडी आहे” असं म्हणू नकोस.

हॉस्पिटलमध्ये तू मला एक गोष्ट सांगितलीस आणि म्हणालीस, “हे वहिनीला सांगू नकोस.” मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तुझ्या दहाव्याला, तेराव्याला, पाहुण्यांना पाणी देताना, भटजींना दक्षिणा देताना माझ्या डोक्यात एवढं एकच चाललं होतं, की सांगायचं का नाही. लोकांना वाटत होतं मी दुःखात आहे. होतेच. पण दुःखाला जागा मिळायला आधी हा राग थोडा सरकायला हवा होता, आणि तो जागचा हलत नव्हता.

दादा गेला तो दिवस मला तारखेनं आठवत नाही, रंगानं आठवतो. नवरात्रातला पिवळ्या रंगाचा दिवस होता. ऑफिसातल्या सगळ्याजणी पिवळं नेसणार आणि गच्चीवर जाऊन एकत्र फोटो काढणार होत्या. वहिनीचं ऑफिस ठाण्याला. तिच्याकडे धड पिवळी साडी नव्हती. आदल्या दिवशी ती म्हणाली, “जाऊ दे, कुर्ता घालते.” तर तूच उठलीस, कपाट उघडलंस आणि तुझी आंबारंगाची नारायणपेठ काढून दिलीस. सकाळी निऱ्याही तूच घालून दिल्यास. “पदर नीट पिन कर, फोटोत दिसतो,” असं म्हणालीस. हे मला वहिनीनं सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर तूच कौतुकानं सांगितलं होतंस, की सून माझी साडी नेसून गेली, काय छान दिसत होती.

दादाला बरं वाटत नव्हतं म्हणून तो घरी थांबला होता. त्यांची ईरा शाळेत. तुझ्या महिला मंडळाची टेंभी नाक्याच्या देवीला ओटी भरायला जायची गाडी ठरली होती, तू तिकडे गेलीस. मग दादानं वहिनीला फोन केला. एकदा, परत एकदा. तिचा मोबाइल ड्रॉवरमध्ये होता आणि ती गच्चीवर, तुझ्या साडीत, हसत उभी होती. खाली आली, फोन लावला, कोणी उचलेना. ती तशीच धावत डोंबिवलीला आली. लॅचच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा दादा हॉलमध्ये पडलेला होता. तू आलीस तेव्हा तुझ्या हातात प्रसादाचा नारळ होता.

इथपर्यंत सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे, कारण इथपर्यंतचं तू सगळ्यांना सांगितलंस. भेटायला येणाऱ्या बायका समोर सतरंजीवर बसायच्या, तू पदर डोळ्यांना लावायचीस आणि तुझ्या त्या मऊ आवाजात म्हणायचीस, “तो बोलावत होता, आणि ही फोटो काढत होती.” बस्स, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. मी तुला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, “आई, असं बोलू नकोस, तिला काय माहीत होतं?” तू शांतपणे म्हणालीस, “मी कुठे काय म्हणतेय? झालं तेवढं सांगितलं.”

त्या वाक्यावर मी तुझ्याशी किती भांडले असेन. प्रत्येक वेळी मीच हरले, कारण माझा आवाज चढायचा आणि तुझा नाही. आपल्या घरात नियमच असा होता. ज्याचा आवाज खाली त्याचं खरं. वहिनी एकदा ओरडली होती, आठवतं? दादाच्या वर्षश्राद्धाला. “तुम्हीही होतात ना सकाळी घरी? मग मला एकटीलाच का?” असं म्हणून तिनं हातातली वाटी सिंकमध्ये आपटली. आमटीची वाटी होती. ती वाटी आपल्या नातेवाइकांना आजही आठवते. मावशी तर परवाही म्हणाली, “सुजाता तशी तापट, वाटी फेकली होती बघ तिनं.” तिनं विचारलं काय होतं, हे मात्र एकालाही आठवत नाही. मला आठवतं, कारण मी तुझ्याकडे बघत होते. तू भाताचं झाकण उचललंस आणि परत ठेवलंस.

त्याच वर्षी ती ईराला घेऊन कळव्याला राहायला गेली. तू सगळ्यांना सांगितलंस, की तिला ऑफिस जवळ पडतं.

एकदा ईरा सुट्टीत माझ्याकडे ठाण्याला आली होती. लहान होती, पाचवी-सहावीत असेल. नवरात्र होतं, टेंभी नाक्याच्या बाजूनं लाउडस्पीकरचा आवाज येत होता. ती माझ्या ओट्याशी उभी राहून पुरीचा तुकडा मोडत म्हणाली, “आत्या, मम्मानं फोटो काढला नसता तर बाबा असते ना?” मी तिला विचारलं नाही, हे कोणी सांगितलं. विचारायची गरज नव्हती. वाक्य तुझं होतं, शब्दांची मांडणीसुद्धा तुझी होती. मी त्या संध्याकाळी तुला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “तुझं बीपी वाढेल, माधवी.” आई, तेव्हा मला वाटलं होतं, तू दुःखानं अशी झालीस. मुलगा गेलेल्या आईला एवढं तर माफ असायला हवं, असं मी स्वतःला समजावलं. आता ते समजावणं आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कारण मग हॉस्पिटलची ती दुपार आली. जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. मी डाळीत भात कालवत होते आणि तू माझं मनगट धरलंस.

“श्रीनं मला सांगितलं होतं,” तू म्हणालीस, दादाबद्दल.

“काय सांगितलं होतं?”

“गाडी खाली आली होती. हॉर्न वाजवत होते सारखे. श्री बाहेर आला, म्हणाला छातीत जड वाटतंय. घाम आला होता त्याला. मी म्हटलं, काल बाहेरचे वडे खाल्लेस, पित्त आहे. ओवा-मीठ दिलं हातावर. चाव आणि पडून राहा म्हटलं. तो म्हणाला, आई, थांबतेस का जरा? मी म्हटलं, ओटी भरून येतेच.”

पुढचं मी जुळवलं. तू थांबली नाहीस, म्हणून त्यानं तिला फोन केला. त्यानं पहिल्यांदा हाक मारली ती तुला. आणि हे तुला त्या दिवसापासून माहीत होतं. त्या सतरंजीवर बसून बायकांना ते फोटोचं वाक्य ऐकवताना माहीत होतं. वाटी सिंकमध्ये आपटली तेव्हा माहीत होतं. ईरा तुझ्या मांडीवर झोपायची तेव्हाही.

“मला माफ कर,” तू म्हणालीस. आणि तू रडलीस, आई. आवाज कापत होता तुझा. आयुष्यात पहिल्यांदा तुझा आवाज तुझ्या ताब्यात नव्हता.

मी म्हटलं, “वहिनीला बोलावते.”

“नको. तिच्यासमोर मला नाही जमायचं. तू म्हण. तुझ्या तोंडून ऐकलं की झालं माझं.”

तुझा हात माझ्या हातात होता, सुया टोचून काळानिळा झालेला. माझा जीव तुटत होता. त्या क्षणी मी फक्त प्रेमाचं ऐकलं असतं, तर “केलं गं आई, केलं माफ” असं म्हणून मोकळी झाले असते. प्रेमानं मला सरळ खोटं बोलायला लावलं असतं. मला अडवलं ते रागानं. ज्याला तू आयुष्यभर दुबळेपणा म्हणालीस, त्यानं. माझ्या आत एवढी एकच गोष्ट तेव्हा जागेवर होती, जिला वहिनी आठवत होती. मी म्हटलं, “आई, ते माझ्याकडे नाहीये. ते तिच्याकडे आहे.” तू हात सोडवून घेतलास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मावशीनं हे दारातून ऐकलं होतं. अर्धवटच, पण तेवढ्यावर तिनं निकाल लावला. मला कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हणाली, “मरणाऱ्या माणसाला दोन शब्द द्यायला तुझं काय जात होतं?” माझं काही जात नव्हतं, तेच तर सांगते आहे. ज्यात माझं काहीच जात नाही, ते मी द्यायचं कसं? मार वहिनीनं खाल्ला, वळ तिच्या अंगावर, आणि माफीचं श्रेय मी घ्यायचं? शेजारणीच्या घरातली भांडी मी कोणाला दान करू शकते का?

आणि हे मला शिकवलं कोणी? तूच ना?

आठवीत असताना वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला उभं करून चोर म्हटलं. दोन दिवसांनी पेटी त्या मुलीच्या घरी पलंगाखाली सापडली. बाईंनी तुला शाळेत बोलावून घेतलं, स्टाफरूममध्ये चहा मागवला आणि म्हणाल्या, “सॉरी हं, तुम्हाला त्रास झाला.” तू तुझ्या याच मऊ आवाजात म्हणालीस, “बाई, माझी माफी नका मागू. चोर तुम्ही हिला म्हणालात. ही इथे उभी आहे. आणि वर्गासमोर म्हणालात, तेव्हा वर्गासमोरच सांगा.” बाईंचा चेहरा पडला. पण त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या. मी बाकावर बसून तुझ्या पाठमोऱ्या साडीकडे बघत होते, खिडकीतून, तू मैदान ओलांडून निघाली होतीस. मला वाटलं, जगात हिच्याएवढं सरळ माणूस नाही. आई, तो दिवस मी कधीच परत करणार नाही. माझ्यात जे काही ताठ आहे ते त्या दिवशीचं आहे. म्हणूनच इतकी चिडले आहे मी. तुला ठाऊक नसतं, तर गोष्ट वेगळी. तुला पक्कं ठाऊक होतं की माफी कोणाची मागायची असते.

तरी मी तुला एक संधी दिली. काही न सांगता वहिनीला फोन केला, म्हटलं, “येऊन जा एकदा.” ती ऑफिसातून हाफ डे घेऊन आली, डब्यात तांदळाची पेज घेऊन. तिच्या आईची कोकणातली पद्धत, वर थोडं तूप. मी म्हटलं, “मी मेडिकलमधून जाऊन येते,” आणि खाली गेले. काही आणायचं नव्हतं. दोन जणांना पुढे जाऊ दिलं, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, कट्ट्यावर बसले. देवाला मी फारसं काही मागत नाही, पण त्या कट्ट्यावर मागितलं. वर आले तर तू उशीला टेकून बसली होतीस आणि वहिनी तुला चमच्यानं पेज भरवत होती. तू मला म्हणालीस, “सुजाता पेज छान करते हं.” वहिनीला म्हणालीस, “ईराचं कॉलेज कसं चाललंय?” मी वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नवीन नव्हतं.

त्यानंतर चारपाच दिवसांनी तू गेलीस. शांतपणे, असं सगळे म्हणतात.

तेराव्याला वहिनी आली होती. पंगतीत वाढत होती, भजी संपली म्हणून आत येत होती, बाहेर जात होती. मावशीनं तिला हाताला धरून बाजूला घेतलं. “सुजाता, आता मनात काही ठेवू नकोस. ताई गेली. माफ करून टाक, तुझंच मन हलकं होईल.” वहिनीच्या हातात पळी होती. “हो मावशी,” ती म्हणाली आणि भात वाढायला गेली. मी तिथेच उभी होते. माझं डोकं फुटायची वेळ आली. जिला अजून माहीतच नाही की तिच्यावर काय लादलं गेलं, तिच्याकडून ही बाई जेवणाच्या पंगतीत माफी काढून घेते, आणि तीही तिच्याच भल्यासाठी. मन कोणाचं हलकं होणार होतं? वाढदिवस, लग्नं, मुंजी परत गोडीत पार पडाव्यात, म्हणून घाई होती सगळ्यांना. माझा निर्णय त्या पळीपाशी झाला.

रविवारी कळव्याला गेले. ईरा क्लासला गेली होती. वहिनीनं चहाला पाणी ठेवलं. मला एकदम आठवलं, तू अधूनमधून म्हणायचीस, माझी नारायणपेठ तेवढी नेली तिनं. मी विचारलं, “वहिनी, ती साडी आहे का गं अजून?”

ती हसली. “कसली साडी? त्याच महिन्यात बोहारणीला दिली. जरीचे काठ बघून खूश झाली बाई. हे पातेलं घेतलं ना तिच्याकडून, ज्यात तुझा चहा होतोय.”

चांगलं जाड बुडाचं पातेलं होतं. मलाही हसू आलं. मग मी तिला सांगितलं. तू जसं सांगितलंस तसंच, गाडी, हॉर्न, घाम, वडे, ओवा-मीठ. “थांबतेस का जरा” हेसुद्धा. काही वगळलं नाही आणि तुझ्या बाजूनं काही घातलंही नाही.

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे पाठ करूनच होती.

“त्याच्या हाताला ओवा होता,” ती म्हणाली. “तळहाताला चिकटलेला. मी पुसला. मला इतकी वर्षं कळत नव्हतं माधवी, याला ओव्याचा डबा सापडला कसा. याला किचनमध्ये मीठ सापडायचं नाही. मला वाटायचं, मी फोन उचलला नाही म्हणून हा शोधत फिरला असेल घरभर. डबे उघडत. तेवढंच डोळ्यांसमोर यायचं गं. हा डबे उघडतोय आणि मी फोटोत हसतेय.”

ती वळली. रडत नव्हती.

“मी नवरात्रात रजा टाकते, माहितीये तुला? नऊच्या नऊ दिवस नाही मिळत, पण पिवळ्याला टाकतेच. ऑफिसात सगळ्यांना वाटतं माझ्याकडे घट असतो.”

“वहिनी, आई माझ्याकडे माफी मागत होती. मी दिली नाही.”

“बरं केलंस.” मग तिनं गॅस परत लावला, चहात साखर घातली, आणि ढवळत ढवळत म्हणाली, “पण पित्तच म्हटलं असतं गं मीपण. रात्री वडे खाऊन आलेला. कोणीही पित्तच म्हटलं असतं. आणि गाडी खाली उभी, बायका हॉर्न मारतायत, मीपण गेले असते. त्यात माफ काय करायचं? त्या दिवशी बोलल्या असत्या ना, तर आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो असतो. माझं नि त्यांचं दुःख एकच होतं. आम्हाला दोघींना त्याच्याकडे जायला उशीर झाला. एवढंच झालं होतं.”

मी हे अपेक्षिलं नव्हतं. माझ्या रागाच्या गाठोड्यात सगळं एकत्र बांधलेलं होतं, ओवा, ओटी, फोटो, सगळं. तिनं ते गाठोडं ओट्यावर सोडलं आणि त्यातलं एक बाजूला काढून ठेवलं, की यात दोष नाही. मला वाटलं आता ती सगळंच सोडून देणार. मावशीच जिंकणार.

पण मग तिचा हात थांबला. “नंतरचं मात्र नाही,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. शेजारी ऐकायला जाईल इतका चढला. “नंतर त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं. माझ्या पोरीनं मला विचारलंय, मम्मा, तू फोन का नाही उचललास. सात वर्षांची होती ती. मी तिला काय सांगितलं असेल? ते नाही मी माफ करणार. आत्ता नाही आणि मरतानाही नाही. आणि तूपण माझ्या वतीनं करायचं नाहीस. मावशींनापण सांग, ते पंगतीतलं हो खरं नव्हतं, भात गार होत होता म्हणून म्हटलं. ईराला मी सांगेन, तू नको.”

“नाही सांगत.”

“आणि आईंना सांग.”

तिच्या तोंडून ते असं निघून गेलं, जशी तू आतल्या खोलीत पडली आहेस. मी म्हटलं, “सांगते.” मग आम्ही चहा प्यायलो. फार गोड झाला होता, तिनं साखर दोनदा घातली होती. ईरा क्लासवरून आली, बॅग टाकली, म्हणाली, “काय झालं? तुम्ही दोघी अशा का बसल्यात?” वहिनी म्हणाली, “बस. तुझ्याशी बोलायचंय.” मी निघाले. ते बोलणं त्या दोघींचं होतं.

तर आई, निरोप असा आहे. ओवा-मीठ तिनं सोडलं. खरं तर धरलंच नव्हतं. नंतरची वर्षं तिनं सोडलेली नाहीत आणि सोडणार नाही, आणि ते तिचं बरोबर आहे असं मला वाटतं. तिचा तो चढलेला आवाज ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं, की आता ती त्या हॉलमधून बाहेर पडली. तुला अपराधी वाटत होतं, हे खोटं नव्हतं. निगरगट्ट माणसाला असं वाटत नाही. पण ते वाटणं तुला सोसवलं नाही, म्हणून तू ते उचलून तिच्या पदरात टाकलंस, तिनं ते तुझ्या साडीच्या पदरात झेललं, आणि वर तू शांत राहिलीस. लोकांनी तेवढंच बघितलं.

आता माझ्या रागाचं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी वहिनीचाच निरोप घेऊन आले. तू जिला इतकी घाबरलीस, ज्या बाईसमोर तुला जमणार नव्हतं, ती बाई गॅसपाशी उभं राहून म्हणाली, पित्तच म्हटलं असतं मीपण. तुला हवं होतं ते तिच्याकडे होतं. न मागता मिळण्यासारखं होतं. ती तुझ्या उशाशी बसून तुला पेज भरवत होती तेव्हाही होतं. तू कॉलेजचं विचारलंस. मी खाली कट्ट्यावर खोकल्याच्या गोळ्या हातात धरून बसले होते आणि तुला फक्त तोंड उघडायचं होतं. एक घास कमी खाल्ला असतास तरी चाललं असतं.

आणि समज, त्या दिवशी नसतं जमलं. मग आणखी आठवडाभर राहायचं होतंस. मी तिला परत बोलावलं असतं, परत मेडिकलमध्ये गेले असते, कितीही वेळा गेले असते. मला तुझ्यावर ओरडायचं होतं आणि तुला घरी न्यायचं होतं, दोन्ही करायचं होतं. दादा त्या दिवशी तुला जे म्हणाला, तेच मी आता म्हणते आहे, आणि तू तेव्हासारखीच न थांबता निघून गेली आहेस. थांबायचं होतंस ना जरा, आई.